डिझेलवरील कौटुंबिक मोटार व तिच्या मालकांचे अनुभव : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके. सोयाबीन, कापूस व हळद ही येथील प्रमुख पिके होत. मोठे रुग्णालय, विद्यापीठ व मोठी बाजारपेठ यांसाठी जिल्ह्यातील बहुतेकांना दीर्घकाळ नांदेडकडे पाहावे लागले. हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२४ मध्ये. अशा विखुरलेल्या भूभागात मोटार ही केवळ प्रतिष्ठेची वस्तू राहत नाही, ती कुटुंबाच्या गरजेचा भाग बनते. गेल्या तीन दशकांत ही गरज प्रामुख्याने डिझेलवर चालणाऱ्या मोठ्या मोटारीने भागविली. ही मोटार येथे का रुजली, तिच्यासोबत राहताना मालकास काय अनुभवास येते आणि आज ती घेणे वा ठेवणे कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

१. 'इस्टेट' मोटारीची संकल्पना व भारतीय रूप

युरोपात ज्या मोटारीचे छत मागील टोकापर्यंत सरळ नेलेले असते व सामानाची जागा प्रवाशांच्या जागेशी जोडलेली असते, तिला 'इस्टेट' म्हणतात. कुटुंब व सामान एकत्र वाहून नेणे हा तिचा हेतू. भारतात टाटा कंपनीने १९९२ मध्ये 'टाटा इस्टेट' या नावानेच डिझेल मोटार बाजारात आणली. पुढे २००४ मध्ये 'इंडिगो मरिना' आली. परंतु हा प्रकार आपल्याकडे फारसा रुजला नाही. तेच काम १९९४ मध्ये आलेल्या टाटा सुमोने आणि २००० मध्ये आलेल्या महिंद्रा बोलेरोने केले.

यामागील कारण कुटुंबरचनेत आहे. येथे मोटारीत बसणारे कुटुंब चौघांचे नसते. आजी-आजोबा, काका-काकू, माहेरी आलेली लेक व तिची मुले धरून संख्या सात-आठवर जाते. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनास, नर्सीस नामदेव महाराजांच्या जन्मस्थानी अथवा लग्नकार्यास निघताना माणसांबरोबर सामानही असते. मागच्या दोन्ही बाजूंची समोरासमोरची आसने, छतावरील कॅरिअर, जमिनीपासूनची उंची आणि मागील चाकांवरील भक्कम पाटे यांमुळे खडीचा रस्ता व पावसाळ्यातील काळ्या मातीची वाट या गाड्यांना अडवू शकली नाही. या आडव्या आसनांची प्रवासी सुरक्षितता मात्र समोर तोंड असलेल्या, पट्टा लावता येणाऱ्या आसनांपेक्षा कमी असते. ही उणीव मालकवर्गाने सोयीपुढे दुय्यम मानली.

२. डिझेल इंजिनाचे कार्य व मालकाचा अनुभव

पेट्रोल इंजिनात इंधन व हवेचे मिश्रण ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात हवा अतिशय दाबली जाते. त्या दाबाने ती तापते व तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. दाबाचे हे प्रमाण पेट्रोल इंजिनाच्या जवळपास दुप्पट असल्याने इंधनातील ऊर्जेचा अधिक भाग कामी येतो. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के अधिक ऊर्जा असते. म्हणून डिझेल गाडीचे 'ॲव्हरेज' अधिक पडते आणि भरलेली गाडी कमी वेगातही ओढ धरते. चढावर वारंवार गिअर बदलावा लागत नाही, हा चालकाचा अनुभव याच गुणधर्मातून येतो.

याच रचनेतून उणिवाही येतात. अधिक दाब सोसण्यासाठी इंजिन जड व महाग करावे लागते. खडखड व थरथर अधिक असते. हिवाळ्याच्या पहाटे हिटर प्लग तापेपर्यंत थांबावे लागते. टाकी पूर्ण रिकामी झाली तर जुन्या गाडीत इंधनाच्या नळीत हवा शिरते. मग केवळ डिझेल ओतून भागत नाही, पंप हलवून 'एअर काढावी' लागते. म्हणूनच टाकीत चार-पाच लिटर शिल्लक ठेवण्याची सवय जुन्या मालकांच्या अंगवळणी पडलेली दिसते.

३. गावातील डिझेलविद्या

डिझेल मोटार येथे रुजण्याचे श्रेय सामान्यतः स्वस्त इंधनास दिले जाते. ते अंशतः खरे आहे. दुसरे कारण सहसा नजरेआड होते. मोटार येण्यापूर्वीच डिझेल इंजिन या भागातील शेतात पोहोचले होते. नदी-विहिरीवरील पाणी उपसण्याचे इंजिन आणि नंतर ट्रॅक्टर यांच्या दुरुस्तीतून गावोगावी डिझेलचे काम जाणणारे मिस्त्री तयार झाले. फिल्टर बदलणे, नोझल साफ करणे, एअर काढणे ही कामे त्यांच्या हातची होती. सुमो वा बोलेरो बंद पडली तर तालुक्याच्या गावी, प्रसंगी बाजाराच्या गावातही, ती उघडण्यास कोणी कचरत नसे. ट्रॅक्टर, पंप व मोटार यांचे इंधन एक आणि मिस्त्रीही एक, अशी ही सोय होती.

या सोयीस सामाजिक बाजूही आहे. गावात एखाद्याकडे अशी गाडी असली की अडल्या वेळी ती शेजाऱ्यांचीही होते. रात्री-अपरात्री बाळंतिणीस वा सर्पदंश झालेल्यास नांदेडला नेताना मालकास नकार देता येत नाही. भाडे घेण्याचा संकोच असतो, म्हणून गाडी नेणारा डिझेल टाकून देतो. अशा मालकाच्या अनुभवात मोटारीचा खर्च आणि गावातील ऋणानुबंध यांचा हिशेब वेगळा काढता येत नाही.

४. बदललेले अर्थकारण

डिझेलचा दर दीर्घकाळ शासकीय अनुदानावर आधारलेला होता. २०१२ मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला ७० रुपयांच्या वर असताना डिझेल ४५ रुपयांच्या आसपास होते. जानेवारी २०१३ पासून दर थोडा थोडा वाढविण्यात आला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल पूर्णतः नियंत्रणमुक्त झाले. दोन्ही इंधनांतील अंतर त्यामुळे बरेच कमी झाले. दुसरीकडे, महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल मोटारीवर ११ टक्के एकरकमी कर असताना डिझेल मोटारीवर तो १३ टक्के आहे.

एक उदाहरण घेऊ. पेट्रोल १०५ रुपये व ॲव्हरेज १५ किलोमीटर, तसेच डिझेल ९१ रुपये व ॲव्हरेज २० किलोमीटर असे गृहीत धरले, तर इंधनखर्च किलोमीटरमागे अनुक्रमे ७ रुपये व ४ रुपये ५५ पैसे येतो. बचत २ रुपये ४५ पैसे. डिझेल गाडी करासह सव्वा लाखाने महाग असेल, तर हा फरक भरून निघण्यास सुमारे ५१ हजार किलोमीटर धावावे लागेल. नांदेडला राहून सुमारे ४० किलोमीटरवरील वसमतच्या महाविद्यालयात वर्षातील २२० दिवस जाणारा प्राध्यापक १७,६०० किलोमीटर फिरतो. त्याचा फरक तीन वर्षांत निघतो. हिंगोली शहरातच राहून वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरणाऱ्यास साडेआठ वर्षे लागतील. व्याज व डिझेल गाडीची महाग सर्व्हिसिंग धरल्यास हा काळ आणखी वाढतो. अर्थात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलात लिटरमागे ऊर्जा थोडी कमी असल्याने पेट्रोलचे ॲव्हरेजही किंचित घटते. प्रत्येकाने स्वतःचे आकडे घालून हे गणित मांडावे.

५. तंत्रज्ञानातील बदल व आरोग्य

१ एप्रिल २०२० पासून देशभर 'भारत स्टेज ६' हे उत्सर्जन मानक लागू झाले. त्यासाठी इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणले गेले. मारुती सुझुकीने याच वेळी डिझेल मोटारी बंद केल्या, तर सुमोचे उत्पादन २०१९ मध्येच थांबले होते. नव्या डिझेल गाडीत इंधन एक ते दोन हजार बार इतक्या दाबाने फवारले जाते आणि धुरातील काजळी एका गाळणीत अडविली जाते. ही काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग पंधरा-वीस मिनिटे धावावी लागते. केवळ घर ते महाविद्यालय असे दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते व दिवा लागतो. भेसळीचे अथवा पाणी मिसळलेले डिझेल जुन्या पंपाने कसेबसे पचविले असते. नव्या नोझलचे मात्र त्याने मोठे नुकसान होते. दोष शोधण्यास संगणकीय उपकरण लागते. पाना व अनुभव यांच्या बळावर काम करणारा गावचा मिस्त्री येथे हतबल होतो.

तथापि या बदलास केवळ अडचण म्हणून पाहता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवास निश्चित कर्ककारक असणाऱ्या घटकांत केला. अंगणात गाडी चालू ठेवून गरम करण्याची जुनी सवय घरातील लहान मुलांच्या श्वासाशी निगडित आहे. ज्या गाळणीचा मालकास त्रास होतो, ती त्याच्याच कुटुंबाचे रक्षण करते.

निष्कर्ष

१. डिझेलवरील मोठी मोटार या जिल्ह्यात कुटुंबाचा आकार, रस्त्यांची स्थिती, स्वस्त इंधन व गावातील डिझेलविद्या या चार आधारांवर उभी राहिली.

२. यांपैकी इंधनाच्या दराचा आधार २०१४ नंतर क्षीण झाला आणि डिझेलविद्येचा आधार २०२० नंतर नव्या गाड्यांपुरता तुटला. कुटुंबाची गरज कायम आहे.

३. वर्षाला पंधरा हजार किलोमीटरहून अधिक व मुख्यतः मोठ्या रस्त्यावर धावणाऱ्यास नवी डिझेल गाडी आजही परवडते. गावातल्या गावात फिरणाऱ्याने ती टाळणे हिताचे.

४. जुनी डिझेल गाडी बाळगणाऱ्याने पंधरा वर्षांनंतरचे नोंदणी-नूतनीकरण, पर्यावरण कर आणि धुराची तपासणी यांचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

५. ग्रामीण मिस्त्रींचे अनुभवसिद्ध ज्ञान वाया जाऊ नये, यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी त्यांच्याकरिता नव्या इंधनप्रणालीचे अल्पमुदतीचे वर्ग घ्यावेत. असे झाले तर अपरात्री रुग्णास घेऊन निघालेली गाडी वाटेत बंद पडल्यास ती सुरू करणारा हात जवळच्या गावातच सापडेल.