रीटेक नसलेल्या दिवसांतली दिग्दर्शिका

१९७२ नंतरच्या वर्षांत अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरच्या गच्च्यांवर, कौलांवर, पत्र्यांवर अ‍ॅल्युमिनियमचे अँटेना दिसू लागले. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला, वरळीच्या टीव्ही केंद्राकडे. वरळी ते बदलापूर अंतर सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आतच भरतं, पण मध्ये ठाण्याची खाडी आहे, पारसिकचा डोंगर आहे, आणि टीव्हीच्या लहरी जवळपास सरळ रेषेतच धावतात. त्यामुळे ज्याचा पाइप उंच, त्याचं चित्र स्वच्छ. डोंगरावर आपटून क्षणभर उशिरा पोचलेली लहर पडद्यावर निवेदिकेच्या शेजारी तिचंच दुसरं फिकट चित्र उभं करायची. मग एकाने गच्चीवर पाइप फिरवायचा, दुसऱ्याने जिन्यात उभं राहून निरोप द्यायचे आणि तिसऱ्याने संचासमोरून ओरडायचं, ‘आलं, आलं… गेलं!’ टीव्ही घ्यायचा तर पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे. अख्ख्या मजल्यावर एकच संच असायचा आणि शनिवारच्या मराठी चित्रपटाला त्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. उल्हासनगरच्या सिंधी घरांना रविवारचा हिंदी चित्रपट आणि तबस्सुमचं ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ जवळचं, तर बदलापूरच्या शेतकऱ्याला ‘आमची माती आमची माणसं’.

त्या काळातले चेहरे आपल्या पक्के लक्षात आहेत. बातम्या देणाऱ्यांची नावं अजून तोंडावर आहेत; स्मिता पाटील त्यांतलीच एक, बातम्या वाचता वाचता सिनेमात गेलेली. पण पडद्यावर ते चेहरे कुठल्या क्षणी आणि किती जवळून दिसावेत हे ठरवणारं माणूस काचेपलीकडच्या अंधाऱ्या खोलीत बसलेलं असायचं. दूरदर्शनच्या भाषेत त्याला ‘निर्माता’ म्हणत, आणि बहुतेक वेळा दिग्दर्शनही त्यालाच करावं लागे. हे काम नेमकं काय होतं आणि ते करणाऱ्याच्या हाती शेवटी काय उरलं, हे समजून घ्यायचं तर सई परांजपे यांच्या वाटचालीकडे बघावं. आपण त्यांना ‘स्पर्श’, ‘चश्मेबद्दूर’ आणि ‘कथा’च्या दिग्दर्शिका म्हणून ओळखतो. त्याआधीची त्यांची टीव्हीतली वर्षं आपण फारशी मोजत नाही. माझ्या मते त्या चित्रपटांचं मूळ तिथेच आहे.

भारतात टीव्ही सुरू झाला तो दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ रोजी. संसद मार्गावरच्या आकाशवाणी भवनात तात्पुरता उभारलेला स्टुडिओ, अर्ध्या किलोवॉटचं प्रक्षेपक यंत्र आणि आठवड्यातून दोनदा तासभर कार्यक्रम. युनेस्कोने २०,००० डॉलर दिले होते. दिल्लीच्या वस्त्यांमध्ये सामुदायिक संच ठेवून लोकांना एकत्र बसवायचं, असा तो प्रयोग होता. या पाळण्यापाशी मराठी माणूस पहिल्यापासून हजर होता. पु. ल. देशपांडे आकाशवाणीतून तिकडे गेले, बीबीसीत प्रशिक्षण घेऊन आले, आणि भारतीय टीव्हीवर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेण्याचा मान त्यांच्याकडे जातो. पुलंच्या लेखनाबद्दल आपण भरभरून बोलतो, पण या कामाचा उल्लेख एका ओळीत उरकतो. १५ ऑगस्ट १९६५ पासून दिल्लीचं प्रक्षेपण रोजचं झालं, आणि रोज तासभर नवं काहीतरी दाखवायचं म्हणजे ते रोज घडवणारी माणसं हवी झाली.

सई परांजपे यांचा जन्म १९ मार्च १९३८ रोजी लखनौत झाला. आई शकुंतला परांजपे, आजोबा रँग्लर र. पु. परांजपे, वडील यूरा स्लेप्टझॉफ रशियन चित्रकार. बालपण पुण्यात आणि काही काळ ऑस्ट्रेलियात, कारण आजोबा तिथे भारताचे उच्चायुक्त होते. आठव्या वर्षी परीकथांचं पुस्तक छापून आलं: ‘मुलांचा मेवा’. पुढे पुणे आकाशवाणीवर निवेदिकेचं काम, मुलांसाठी ‘बालोद्यान’, मग मुलांचं नाट्य आणि त्यासाठी लिहिलेलं ‘पत्तेनगरीत’सारखं नाटक. १९६३ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून पदवी घेतली. तिथे तेव्हा इब्राहिम अल्काझी यांची कडक शिस्त होती. आधी रेडिओ, मग रंगमंच, मग दिल्लीचा टीव्ही असा हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. रेडिओने कान तयार केला. रंगमंचाने नटाला न थांबवता शेवटपर्यंत नेणं शिकवलं. थेट टीव्हीला नेमक्या याच दोन गोष्टी लागत होत्या, वर कॅमेरा.

आता ती काचेपलीकडची खोली. समोर लहान मॉनिटरांची रांग, प्रत्येक कॅमेऱ्याला एक, आणि त्यांच्यापासून वेगळा, प्रत्यक्ष प्रक्षेपित काय होतंय ते दाखवणारा एक. टेबलावर एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्याचं पॅनेल. दिग्दर्शकासमोर संहिता; पानाच्या एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला आवाज, आणि मध्ये पेन्सिलीच्या खुणा. खाली फ्लोअरवर दोन किंवा तीन अवजड कॅमेरे, प्रत्येकाच्या मागे जाडजूड केबलचं शेपूट. एक कॅमेरा दुसऱ्याच्या केबलवरून जाऊ शकत नाही, म्हणून कोण कुठून कुठे सरकणार हे आधी कागदावर आखावं लागे. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांना झूम नसे. कॅमेऱ्याच्या तोंडाशी एका तबकडीवर तीन-चार वेगवेगळी भिंगं बसवलेली असत आणि जवळचं दृश्य हवं असेल तर कॅमेरामन तबकडी फिरवी. फिरवताना त्याच कॅमेऱ्याचं चित्र प्रक्षेपित होत असलं तर घरोघरी चित्र गरकन फिरलेलं दिसायचं. म्हणून आधी दुसऱ्या कॅमेऱ्यावर जायचं, मग पहिल्याला भिंग बदलायला सांगायचं, ते झाल्याची खात्री मॉनिटरवर करायची आणि मगच परत यायचं. हे सगळं नटाच्या दोन वाक्यांत.

नाटक असेल तर दिवाणखाना आणि अंगण एकाच स्टुडिओत शेजारी शेजारी मांडलेलं. नटाने दिवाणखान्यातून ‘येतो’ म्हणत निघायचं, पडद्यामागून वाकून, चपला हातात घेऊन धावायचं आणि अंगणात शांतपणे प्रवेश करायचा. तेवढ्या वेळात प्रेक्षकाला मागे राहिलेल्या बाईचा चेहरा दाखवायचा. म्हणजे तिच्या चेहऱ्यावर किती सेकंद थांबायचं हे अर्धं तिच्या अभिनयावर ठरायचं आणि अर्धं त्या धावणाऱ्या नटाच्या पायांवर. तो पोचला की नाही हे फ्लोअर मॅनेजर हेडफोनवरून कुजबुजत सांगायचा. नट मध्येच वाक्य विसरला तर कॅमेरा त्याच्यावरून काढून ऐकणाऱ्यावर न्यायचा आणि त्याला सावरायला श्वासभर वेळ द्यायचा. ‘कट’ म्हणून थांबवता येत नाही, कारण हातून सुटलेलं चित्र तोवर घरात पोचलेलं असतं.

या कामातली सगळ्यांत अवघड गोष्ट मात्र प्रेक्षकाला कधीच कळली नाही. मध्ये कुठे बाहेरचं दृश्य दाखवायचं असेल, रस्ता, बाग, आगगाडी, तर ते १६ मिलिमीटरच्या फिल्मवर आधी टिपलेलं असायचं आणि टेलिसिने नावाच्या यंत्रावरून सोडलं जायचं. ते यंत्र सुरू केल्यावर गती स्थिर व्हायला काही सेकंद लागत. फिल्मच्या सुरुवातीला आकडे उलटे मोजत येणारी कोरी पट्टी त्यासाठीच जोडलेली असे. म्हणजे नटाचं वाक्य संपल्यावर ‘फिल्म सोडा’ म्हणून चालणार नाही. तेवढे सेकंद पडदा रिकामा राहील. वाक्य सुरू असतानाच, ते किती सेकंदांत संपेल याचा अंदाज बांधून, आधी सांगायचं. नटाने त्या दिवशी एखादा शब्द लांबवला तर फिल्म त्याच्या तोंडावर येऊन आदळणार. दिग्दर्शकाला सतत प्रेक्षकापेक्षा थोडं पुढे राहावं लागे आणि तरी कान या क्षणाच्या संवादात ठेवावा लागे. सगळंच फसलं, फिल्म तुटली किंवा जोडणी गेली, तर ‘व्यत्यय’ची पाटी. आपल्याकडे ती पाटी लागली की लोक उठून चहा टाकायचे. तिकडे त्याच वेळी चार माणसं एका यंत्राभोवती घाम गाळत असायची.

जगात इतरत्रही याच शाळेतून मोठे दिग्दर्शक निघाले. अमेरिकेत १९५०च्या दशकात थेट नाटकं दाखवली जात. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हे १९५४ साली सीबीएसवर थेट सादर झालेलं टीव्ही नाटक. त्यावर १९५७ साली चित्रपट करणारा सिडनी ल्युमेट स्वतः थेट टीव्हीतच घडलेला होता. आपल्याकडचा ‘एक रुका हुआ फैसला’ त्याच नाटकाचं हिंदी रूप. डेल्बर्ट मानने ‘मार्टी’ आधी १९५३ साली टीव्हीसाठी थेट केलं आणि दोन वर्षांनी त्याचाच चित्रपट करून ऑस्कर मिळवलं. तेच नाटक, तोच दिग्दर्शक, आधी टीव्ही आणि मग सिनेमा: हा मार्ग सई परांजपे यांनी दिल्लीत चालून दाखवला, तोही दोनदा.

टीव्हीसाठी त्यांनी केलेल्या ‘द लिटल टी शॉप’ला १९७२ साली तेहरानमध्ये एशियन ब्रॉडकास्टिंग युनियनचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई केंद्र सुरू झालं. दिल्लीनंतर तब्बल तेरा वर्षांनी देशातलं दुसरं. त्याच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाची निर्मिती करायला निवड झाली ती सई परांजपे यांची. वरळीचं पहिलं पान एका मराठी बाईच्या हाताने उघडलं गेलं, ही गोष्ट आपल्या शाळांमधल्या मुलामुलींना माहीत असायला हवी. पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र जाऊ लागलं. वरळीत मग निर्मात्यांची एक पिढी तयार झाली. सुहासिनी मुळगावकर यांचं ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, याकूब सईद आणि विनायक चासकर यांच्या नावाशी जोडला गेलेला ‘गजरा’, आकाशानंदांचं ‘ज्ञानदीप’. विजया जोगळेकर-धुमाळे यांनी चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आणले आणि दिलीप प्रभावळकर, बाळ कर्वे घराघरांतले झाले. ‘हम लोग’च्या कितीतरी आधीची ही मालिका.

थेट प्रक्षेपणाचं दुःख एकच, ते हवेत विरतं. आणि ध्वनिचित्रमुद्रण आल्यावरही फिती महाग होत्या, म्हणून जुन्या पुसून पुन्हा वापरल्या जात. कवीचा संग्रह राहतो, चित्रपटकाराच्या रिळांचे डबे राहतात. टीव्हीच्या पहिल्या दिग्दर्शकांची संध्याकाळमागून संध्याकाळ गेली आणि मागे उरली ती बहुतांशी बघणाऱ्यांची आठवण. या माणसांच्या कामाची नोंद त्या काळातच नीट ठेवली गेली नाही याची मला मनापासून खंत वाटते.

सई परांजपे यांच्या बाबतीत मात्र दोन धागे पकडता येतात. दिल्ली टीव्हीसाठी केलेल्या ‘रैना बीती जाए’मधून ‘स्पर्श’ उभा राहिला आणि ‘धुआँ धुआँ’मधून ‘चश्मेबद्दूर’. ‘स्पर्श’ला १९७९ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, पटकथा आणि नसीरुद्दीन शाह यांच्यासाठी अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. तो चित्रपट पुन्हा बघताना त्यातल्या खोल्यांकडे लक्ष द्यावं. दोन माणसं, एक टेबल, कपबशीचा आवाज, आणि दृष्टिहीन माणसाला आवाजावरून कळणारं जग. इथे रेडिओचा कान आणि स्टुडिओची सवय दोन्ही एकत्र आलेत. कॅमेरा धावपळ करत नाही. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर थांबतो. ‘चश्मेबद्दूर’मध्ये चमको पावडर विकायला आलेली दीप्ती नवल आणि दार उघडणारा फारुख शेख आठवा. बादली, पाणी, फेस आणि एकमेकांकडे चोरून बघणं. दोन नट, एक खोली आणि हाताने करून दाखवायचं काम, एवढ्यावर एवढा मोठा प्रसंग तोलून धरणं हे स्टुडिओत शिकलेल्या हातालाच जमतं. ‘कथा’ शं. गो. साठ्यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावरची. तिथे चाळीची गॅलरी, जिना, दारं आणि खिडक्या अशा वापरल्यात, की एका चौकटीत चार घरं एकाच वेळी जगताना दिसतात. अंबरनाथच्या कारखान्यांच्या वसाहतींत किंवा उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बराकीत वाढलेल्या माणसाला ती गॅलरी कुठे मांडलीय ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

चित्रपटांत नाव झाल्यावरही त्या टीव्हीकडे परतल्या. ‘अडोस पडोस’ आणि ‘छोटे बडे’ या मालिका त्यांच्याच. तोवर रंगीत टीव्ही आला होता, मुद्रण होत होतं, चुकलं तर पुन्हा घेता येत होतं. मराठीत ‘सख्खे शेजारी’ आणि ‘जास्वंदी’सारखी नाटकं त्यांनी लिहिली आणि बसवली. २००६ मध्ये पद्मभूषण मिळालं. ‘सय’ या आत्मकथनात या प्रवासाबद्दल त्यांनी स्वतः लिहिलं आहे. आणि २०२३ साली, पंच्याऐंशीव्या वर्षी, मंगेश कदम आणि लीना भागवत यांना घेऊन त्यांनी ‘इवलेसे रोप’ हे स्वतः लिहिलेलं नाटक रंगमंचावर आणलं. पॅनेलवर बसलेल्या निर्मात्याला फ्लोअर मॅनेजरच्या कानात बोलून चालू प्रसंग सावरता तरी येत होता. नाटकाचा पडदा वर गेल्यावर दिग्दर्शकाकडे तेवढंही साधन नसतं. तालमीत जे दिलं, तेवढ्यावर नटांनी शेवटपर्यंत जायचं असतं.