दुधाचेच तर दात!

जुलै महिना आणि लोणावळ्याचा पाऊस. तीन दिवस सूर्य दिसला नव्हता, घरभर दोऱ्या बांधूनही कपडे वाळत नव्हते, आणि थोरली रात्रभर गाल धरून रडत होती. लवंगेचं तेल लावून झालं, कोमट मीठ-पाण्याच्या गुळण्या झाल्या. सकाळी बघते तर गाल हा एवढा सुजलेला! तेव्हा ती तिसरीत होती. सासूबाई म्हणाल्या, ''अगं, दुधाची दाढ आसंल. पडंल आपसूक.''

मलाही तसंच वाटत होतं. खरं सांगायचं तर त्या दाढेतला काळा खड्डा मी महिनाभर आधीच पाहिला होता. पण दुधाचेच तर दात, पडणारच आहेत, त्यांच्यावर कशाला खर्च करायचा, असा हिशेब मनाशी करून गप्प बसले होते.

लोकल पकडून तळेगावला दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी आत डोकावून पाहिलं, एक्स-रे काढला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ''ताई, ही दुधाची दाढ नाही. ही कायमची आहे. सहाव्या वर्षी येते आणि म्हातारपणापर्यंत टिकायला हवी.''

''अहो, पण हिची तर एकही दाढ अजून पडलेली नाही!'' मी म्हणाले.

''म्हणूनच तर सगळ्या आया फसतात,'' त्या म्हणाल्या.

आधी सूज उतरायची औषधं, मग चार दिवसांनी ती दाढ काढावी लागली. वाचवण्याजोगं काही उरलंच नव्हतं. जेमतेम दोन-अडीच वर्षांपूर्वी उगवलेली, जन्मभर पुरायची दाढ कापसाच्या बोळ्यावर पडलेली मी पाहिली, आणि घरी येईपर्यंत पोरीच्या नजरेला नजर देऊ शकले नाही. आज ती आठवीत आहे. हसली की कुणाला काही दिसत नाही, पण ऊस खाताना ती अजूनही दुसऱ्या बाजूने चावते. ते बघितलं की माझ्या पोटात कालवतं. म्हणून हे लिहिते आहे.

मैत्रिणींनो, हे गणित एकदा नीट समजून घेऊ या. मला ते कुणी वेळेवर सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. साधारण सहाव्या महिन्याला बाळाचा पहिला दात डोकावतो. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसच्या वीस दुधाचे दात येतात. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दात हलायला लागतात. तेव्हा आपलं सगळं लक्ष तिकडे. पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर टाकायचा, फोटो काढायचा, 'बोळकं झालं' म्हणून चिडवायचं. आणि नेमकं त्याच वेळी तोंडात अगदी मागे, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही पलीकडे, चार नव्या दाढा गुपचूप वर येतात. वर दोन, खाली दोन. त्यांच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे त्या आल्याचं घरात कुणाला कळतही नाही. या कायमच्या दाढा. त्या गेल्या की त्या जागी परत काही उगवत नाही.

त्यातून या दाढांचा वरचा भाग म्हणजे नुसत्या खोल खाचा. अन्न अडकतं. पूर्ण वर यायला कित्येक महिने लागतात, तोवर ती शेजारच्या दाढेपेक्षा खालीच राहते आणि ब्रश वरून निघून जातो. सहा वर्षांच्या मुलाचा हात तिथपर्यंत पोचत नाही तो नाहीच. म्हणून ती सगळ्यात आधी किडते.

बरं, मग दुधाच्या दातांना काही किंमत नाही का? तसंही नाही. पुढचे लवकर पडतात, पण दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. म्हणजे जवळजवळ सगळी प्राथमिक शाळा मूल त्यांच्यावर जेवतं. शिवाय नव्या दातांची जागा त्या धरून ठेवतात, एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी. रुमाल लवकर उचलला गेला की शेजारचे दात सरकतात आणि नवा दात वाकडा येतो. आणि किडलेल्या दातांच्या घरात नवी दाढ आली की तिलाही कीड लागायला वेळ लागत नाही.

ही गोष्ट एकट्या माझ्या घरची नाही. २००२-०३ मध्ये देशभर दातांची पाहणी झाली होती. त्यात पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांचे दात किडलेले आढळले होते.

आता आमच्या गावाबद्दल. लोणावळा म्हटलं की चिक्की. खंडाळ्याच्या घाटातून १८६३ साली रेल्वे सुरू झाली. ती बांधताना राबणाऱ्या मजुरांना अंगात ताकद यावी म्हणून गूळ-दाण्याची गुडदाणी विकली जायची आणि तिचीच पुढे चिक्की झाली, असं इथे सांगतात. आमच्याकडे चिक्कीवर बंदी घालणं म्हणजे पंढरपुरात टाळांवर बंदी घालण्यासारखं! पाहुणा येतो चिक्की घेऊन, जातो चिक्की घेऊन. थोरलीच्या दप्तरात कायम एक तुकडा असायचा. शाळेत जाताना थोडा, मधल्या सुट्टीत थोडा, येताना थोडा. मी म्हणायचे, साखर नाही ना, गूळ आहे, दाणे आहेत, पौष्टिक आहे.

डॉक्टरबाईंनी तिथेच माझी चूक दाखवली. दातावरचे जंतू गूळ आणि साखर यांत भेद करत नाहीत. गोड मिळालं की ते आम्ल तयार करतात आणि पुढची वीस-तीस मिनिटं ते आम्ल दात पोखरत असतं. मग लाळ हळूहळू ते धुऊन काढते. पण दर तासाला एक तुकडा तोंडात गेला तर लाळेला सवड मिळणार कधी? म्हणजे मूल गोड किती खातं यापेक्षा दिवसातून किती वेळा खातं, हे जास्त महत्त्वाचं. त्यात चिक्की चिकट, दाढेच्या खाचेत जाऊन बसते. चहात बुडवलेलं बिस्किटही तसंच.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: चिक्की जेवणाबरोबर. खायची तेवढी एकदा खा, वर पाणी पी, खळखळून चूळ भर, विषय संपला. पोरांनी कुरकूर केली नाही, कारण चिक्की बंद झाली नव्हती.

खरी कसोटी होती ती धाकट्याला दात घासायला लावायची. तेव्हा तो चार वर्षांचा. ब्रश दिसला की पळायचा. रागावून पाहिलं, 'डॉक्टर सुई टोचतील' अशी भीती घालून पाहिली. ही भीती तर अजिबात घालू नका. पुढे खरंच न्यावं लागलं तर मूल खुर्चीत बसत नाही. शेवटी उपाय सापडला तो लोकलमध्येच.

आमच्या घरातून लोकलचा भोंगा ऐकू येतो आणि धाकट्याला सगळी स्टेशनं पाठ. एका रात्री त्याला मांडीवर आडवं घेतलं आणि म्हटलं, ''ब्रश म्हणजे लोकल. वरची उजवी शेवटची दाढ लोणावळा. चल, गाडी सुटली!'' मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव... समोरच्या दातांवरून वळत वळत घोरावाडी, बेगडेवाडी करत डाव्या टोकाला देहूरोड. मग गाडी खालच्या रांगेत. डावीकडे आकुर्डी, मग चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी, शिवाजीनगर आणि उजव्या टोकाला पुणे. लोणावळा, देहूरोड, आकुर्डी आणि पुणे ही चार मोठी स्टेशनं, म्हणजे मागच्या दाढा. तिथे गाडी जास्त वेळ थांबणार, दहा आकडे होईपर्यंत. बाहेरून जाताना पुण्याची लोकल, आतल्या बाजूने परतीची. दोन मिनिटं कशी जातात कळत नाही. एखादं स्टेशन मी मुद्दाम गाळलं तर तोंडात फेस असतानाच ओरडतो, ''आई, कान्हे राहिलं!''

तुमच्या गावातून लोकल जात नसेल तर एसटीचे थांबे घ्या, वारीचे मुक्काम घ्या. मुलाला जे पाठ आहे ते घ्या. ब्रश मात्र आपल्या हातात हवा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या बोटांना ते वळण येत नाही. सकाळी त्याला हौसेने घासू द्यावं, पण रात्रीची फेरी आईची नाहीतर बाबांची. रात्रीची जास्त महत्त्वाची, कारण झोपेत लाळ कमी सुटते. आणि मूल आपलं बघूनच शिकतं. आम्ही दोघं रात्री न घासता झोपायचो, ते आधी बदलावं लागलं.

बघून शिकण्यावरून आठवलं. एका दुपारी धाकटा ओट्यामागे बसून बोटाने दात घासत होता. बोट काळं! सासूबाईंच्या मशेरीची डबी. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी मावळात कित्येक बायका लावतात. दात साफ होतात, असं समजून लावतात, मग सुटत नाही. पण मशेरी म्हणजे तंबाखूच. हिरड्या खराब होतात, तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार?

मी काही बोलायच्या आधीच सासूबाईंनी डबी हिसकावून घेतली. त्यांचा हात थरथरत होता. त्यांची मशेरी सुटली असं मी म्हणणार नाही, पन्नास वर्षांची सवय आहे. पण त्या दिवसापासून डबी वरच्या फळीवर गेली आणि पोरांसमोर त्यांनी कधी बोट तोंडात घातलं नाही. चारची तीन वेळा झाली, तीनची दोन. रात्री धाकट्याची लोकल सुटते तेव्हा त्या शेजारी बसून 'तळेगाव आलं का रं?' विचारतात.

धाकटा सहा वर्षांचा झाला त्या महिन्यात मी बॅटरी घेऊन रोज त्याच्या तोंडात बघायची. एके दिवशी दिसलं. खालच्या हिरडीतून पांढरं टोक, बरोबर पुण्याच्याही पुढे! दाढ पुरेशी वर आल्यावर त्याला तळेगावला नेलं. डॉक्टरबाईंनी तिच्या खाचा पातळ थराने भरून बंद केल्या. सुई नाही, दुखणं नाही. थोरली बाजूला उभी राहून बघत होती. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, ''बरं झालं, याचं कळलं आपल्याला.'' मी तिचा हात घट्ट धरला.

हे लक्षात ठेवा

* पहिला दात आला की घासायला सुरुवात. फ्लोराइड असलेली पेस्ट, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. पेस्ट थुंकायला शिकवा, पण नंतर खूप चुळा भरायला लावू नका. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे आधी डॉक्टरांना विचारा.

* दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नका.

* महिन्यातून एकदा ओठ उचलून उजेडात बघा. हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग ही किडीची सुरुवात असते. तेव्हाच उपाय केला तर खड्डा टळू शकतो.

* सहावं लागलं की मागची दाढ शोधा. ती दुधाची नाही.

* अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या या कार्यक्रमात दातही तपासतात आणि गरज असेल तर पुढच्या मोफत उपचारांसाठी पाठवतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि चिठ्ठी दिली तर ती फ्रिजवर लावून विसरू नका.