दहा मीटर मागे, पुन्हा पुढे

ऑस्ट्रेलियात रग्बीचा हंगाम फेब्रुवारीअखेर सुरू होतो, पण त्याचं भवितव्य बरंचसं नोव्हेंबरपासूनच्या उन्हात ठरतं. त्या दिवसांत तिकिटं नसतात, झेंडे नसतात, कॅमेरेही फारसे नसतात. वॉलॉंगॉंगचं विन स्टेडियम समुद्राला अगदी खेटून आहे. एका अंगाला लाटा, दुसऱ्या अंगाला शहरामागचा इल्लावाराचा डोंगरकडा. सराव लोकांसाठी खुला असेल तेव्हा कठड्याशी जाऊन उभं राहावं. तिथे खेळापेक्षा अंगमेहनतच जास्त दिसते.

या मैदानावर खेळणारा क्लब म्हणजे सेंट जॉर्ज इल्लावारा ड्रॅगन्स. तो खेळतो तेरा जणांची रग्बी लीग. पंधरा जणांची रग्बी युनियन इथे हौशी क्लबांपुरती उरली आहे. याची मुळं पोटापाण्यात आहेत. 1895 मध्ये उत्तर इंग्लंडातल्या क्लबांनी सामन्यापायी बुडणाऱ्या रोजाची भरपाई खेळाडूंना मागितली, ती नाकारली गेली आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. 1908 मध्ये सिडनीतही लीगची स्पर्धा सुरू झाली. वॉलॉंगॉंग हे कोळशाच्या खाणींचं आणि पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्याचं शहर. रोज बुडवून फुकट खेळणं इथल्या घरांना परवडणारं नव्हतं, म्हणून लीग इथे रुजली.

सरावात सगळा भर एकाच गोष्टीवर असतो. चेंडूवाल्याला सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्यांकडे जातो. दर वेळी पाडून झालं की बचावाच्या रांगेनं दहा मीटर मागे पळायचं, आणि चेंडू पुन्हा खेळात आला की तेवढ्याच जोरानं पुढे यायचं. कबड्डीत पकड साधली की चढाई संपते. इथे पकड साधली की खरं काम सुरू होतं. पहिला गडी चेंडूवर झडप घालून हात बांधतो, दुसरा मांड्या आवळतो, तिसरा अंगावर भार टाकून चेंडूवाल्याला पाठीवर पाडायला बघतो. पाठीवर पडलेला माणूस उठायला उशीर करतो. त्या सेकंदभराच्या उशिरात मागची रांग नीट लागते. रेफरीनं ‘हेल्ड’ म्हटल्यावरही धरून ठेवलं तर पेनल्टी, लवकर सोडलं तर रांग विस्कटलेली. हे नेमकं किती धरायचं, याची घोटणी तासन्‌तास चालते.

शिवाय ही घोटणी ताज्या अंगानं करून घेत नाहीत. आधी पळवतात. रग्बीत सर्रास चालणारी ‘ब्रोंको’ ही कसोटी अशी: वीस मीटर जाऊन परत, चाळीस जाऊन परत, साठ जाऊन परत, आणि हे पाच वेळा. एकूण बाराशे मीटर. चांगला खेळाडू साडेचार मिनिटांच्या आसपास संपवतो. बनियनमध्ये दोन खांद्यांच्या मधोमध बसवलेलं छोटं यंत्र कोण किती पळालं, कुठे मंदावलं ते टिपत असतं. छाती भात्यासारखी हलत असतानाच पाडापाडीचा सराव सुरू होतो. अशा वेळी बारकाईनं पाहावं ते गुडघ्यांवर हात टेकणाऱ्यांकडे. ज्याचे हात गुडघ्यांवर, त्याच्या शेजारी रांगेत भोक पडतं. फुलबॅक मागून त्याचं नाव घेऊन ओरडतो, कारण अख्खी रांग फक्त त्यालाच दिसत असते.

ड्रॅगन्सना या घोटणीची गरज का आहे, ते आकडे सांगतात. सेंट जॉर्ज आणि इल्लावारा स्टीलर्स हे दोन क्लब 1998 मध्ये एकत्र आले. प्रशिक्षक वेन बेनेट यांच्या हाताखाली 2010 मध्ये अजिंक्यपद मिळालं. बाद फेरी मात्र 2018 नंतर दिसलेली नाही. 2025 मध्ये 24 पैकी फक्त 8 सामने जिंकून सतरा संघांत पंधरावा क्रमांक आला. त्यातले बरेच पराभव थोडक्या गुणांचे होते. म्हणजे संघ सामन्यात टिकत होता, शेवटच्या टप्प्यात गळत होता.

2026 साठी क्रोनुला क्लबकडून डॅनियल ॲटकिन्सन आला आहे. प्रशिक्षक शेन फ्लॅनगन यांचा मुलगा काइल हाफबॅकला खेळतो, त्याला आता जोडीदार मिळाला. उलट, वर्षानुवर्षं मधली फळी सांभाळणारा जॅक डी बेलिन पॅरामॅटा क्लबकडे गेला. क्लिंट गदरसन, डेमियन कूक, व्हॅलेंटाइन होम्स ही मोठी नावं आहेत, पण तिघांनीही तिशी गाठली आहे. पहिला सामना 28 फेब्रुवारीला थेट लास व्हेगासला, कँटरबरी बुलडॉग्सविरुद्ध. एवढा प्रवास करून आलेल्या अंगांना पुढच्या आठवड्यांत सावरावं लागेल. त्यातच 2027 मध्ये पर्थ आणि 2028 मध्ये पापुआ न्यू गिनीचा संघ स्पर्धेत येतोय. करार संपत आलेल्या खेळाडूंना मागणी वाढणार, तेव्हा उमेदीची मुलं टिकवणं आणखी अवघड.

बाद फेरीसाठी पहिल्या आठांत यायला साधारण बारा-तेरा विजय लागतात. म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा चार-पाच जास्त. एवढी उडी या वर्षी होईल असं मला वाटत नाही. दहावा ते बारावा क्रमांक हा माझा अंदाज. तो चुकवायचा असेल तर नव्या नावांपेक्षा सत्तराव्या मिनिटानंतर दहा मीटर मागे पळणारे पायच तो चुकवतील. सामना पाहाल तेव्हा तेवढी शेवटची दहा मिनिटं चेंडू सोडून बचावाच्या रांगेकडे बघा. या क्लबचा हंगाम कसा जाणार ते तुम्हालाही कळेल.