पाहुण्यांसाठी राखलेले जंगल
पेरू देशातील एका गावाचा अनुभव

घनदाट जंगलात गेले की पावलोपावली वन्यप्राणी दृष्टीस पडतील, अशी पुष्कळांची समजूत असते. वर्षारण्याच्या बाबतीत ती खरी ठरत नाही. तेथे वृक्षांचे माथे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की सूर्यप्रकाशाचा शंभरातील एकदोन भागच जमिनीपर्यंत पोहोचतो. फळे, फुले व कोवळा पाला ३०-४० मीटर उंचीवर असतो आणि माकडे, पोपट व इतर बहुतेक प्राणी तेथेच वावरतात. वाटसरूला खाली दिसतात ती झाडांची खोडे, वेली आणि मुंग्यांच्या रांगा.

म्हणून वर्षारण्यात प्राण्यांच्या मागे हिंडून फारसा लाभ होत नाही. ज्या ठिकाणी त्यांना यावेच लागते, तेथे आधी जाऊन स्तब्ध बसावे लागते. अशी ठिकाणे ओळखणे व ती अबाधित राखणे हाच जंगलातील अतिथिगृहाचा खरा व्यवसाय होय. पेरू देशातील इन्फिएर्नो या गावाने तो कसा उभारला, हे शेतकऱ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे.

गाव व तेथील जीवन

पेरूच्या आग्नेय भागात, माद्रे दे दिओस या प्रांतात, तांबोपाता नदीच्या दोन्ही काठांवर हे गाव वसले आहे. स्पॅनिश भाषेत त्याच्या नावाचा अर्थ ‘नरक’ असा होतो. गावात एसे एहा या आदिवासी जमातीचे लोक, नदीकाठचे जुने रहिवासी आणि अँडीज पर्वतातून खाली आलेली कुटुंबे एकत्र नांदतात. १९७६ मध्ये सामूहिक मालकीचा हक्क मिळालेली सुमारे साडेनऊ हजार हेक्टर जमीन गावाकडे आहे.

जंगलाचा तुकडा तोडून व जाळून त्यात भात, मका, केळी आणि ज्याच्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा करतात तो कसावा घ्यावयाचा, ही तेथील जुनी रीत. मासेमारी, शिकार व ब्राझील नट गोळा करणे ही उपजीविकेची इतर साधने. १९९६ मध्ये गावाने रेनफॉरेस्ट एक्स्पिडिशन्स या पेरूमधील खाजगी कंपनीशी करार केला आणि १९९८ मध्ये ‘पोसादा आमासोनास’ हे अतिथिगृह सुरू झाले. लाकूड, वेत, माती व ताडवर्गीय झाडांची पाने यांनी ते शाकारलेले आहे. प्रत्येक खोलीची एक बाजू भिंतीविना जंगलाकडे मोकळी सोडलेली असल्यामुळे पाहुणा मच्छरदाणीत पडल्या पडल्या रात्रीच्या जंगलाचे आवाज ऐकू शकतो.

पक्ष्यांचे चाटण

तांबोपाता खोऱ्यात नदीने कापलेल्या मातीच्या उभ्या दरडी आहेत. पहाटे त्यांवर पोपट व मोठ्या आकाराचे मकाव पोपट थव्यांनी उतरतात आणि माती खातात. प्रथम ते जवळच्या झाडांवर जमतात, पुष्कळ वेळ घिरट्या घालतात आणि धोका नाही अशी खात्री पटल्यावरच खाली येतात. पाऊस असल्यास ते बहुधा येत नाहीत. एखादी होडी फार जवळ आली किंवा शिकारी पक्ष्याची चाहूल लागली, तर सारा थवा एकाच वेळी उडून जातो.

पक्षी माती का खातात, याविषयी बराच अभ्यास झाला आहे. कच्च्या बियांतील विषारी द्रव्ये मातीत शोषली जात असावीत, असे एक मत आहे. तथापि पक्षी जी माती निवडतात तीत सोडियमचे प्रमाण अधिक असते, असे तांबोपाता येथील परीक्षणांत आढळून आले. समुद्रापासून दूरच्या या प्रदेशात पावसाबरोबर येणारे मीठ अत्यल्प असते आणि वनस्पतींतही सोडियम कमी उतरते. ज्या शेतकऱ्याने आपल्या जनावरांना भिंती चाटताना पाहिले आहे व त्यांच्यासाठी गोठ्यात क्षारांची वीट टांगली आहे, त्याला हे कारण सहज पटेल. पिले वाढविण्याच्या दिवसांत पक्ष्यांची ही गरज वाढते व ते पिलांनाही माती भरवितात. म्हणूनच निरीक्षकांनी पहाट होण्यापूर्वी दूरच्या लपणात जाऊन बसावे व थवा उठेपर्यंत हालचाल करू नये, असा दंडक पाळणे अगत्याचे असते.

मनोरा व सरोवर

वृक्षांच्या माथ्यावरील जीवन पाहण्यासाठी अतिथिगृहाजवळ सुमारे ३५ मीटर उंचीचा मनोरा उभारला आहे. सूर्योदयाच्या सुमारास तेथून हुप्प्या माकडांचा दूरवर जाणारा घोष ऐकू येतो. टूकान पक्षी व पोपट यांचे थवे खालून जाताना दिसतात. खाली दिवसभर हिंडून जे दिसत नाही, ते येथे तासाभरात दिसू शकते.

नदीने आपले जुने वळण सोडले म्हणजे त्या जागी विळ्याच्या पात्यासारखे सरोवर उरते. त्रेस चिंबादास हे असेच एक सरोवर असून त्यात महाकाय पाणमांजरांचे कुटुंब राहते. हा प्राणी दीड मीटरहून अधिक लांब वाढतो व मासे खाऊन जगतो. गळ्यावरील पांढुरक्या ठिपक्यांची ठेवण प्रत्येकाची निराळी असते, त्यावरून त्यांना ओळखता येते. कातड्यासाठी झालेल्या शिकारीमुळे ॲमेझॉनच्या खोऱ्यातील पुष्कळ नद्यांतून तो नाहीसा झाला होता. १९७०च्या दशकात पेरूमध्ये शिकारीस बंदी झाल्यानंतर तो हळूहळू सावरला. पिले असलेली मादी होड्यांमुळे वारंवार बिथरली, तर पिले दगावण्याचा संभव असतो. यास्तव पाहुण्यांच्या नौकेने पाठलाग न करता अंतर राखून थांबावयाचे असते. दुर्बिणीतून पाहिलेले प्राणी उद्याच्या पाहुण्यालाही दिसतात. जवळ जाण्याचा हट्ट धरल्यास ते सरोवरच सोडून जातात.

एक झाड वाचवून भागत नाही

ब्राझील नटाचे उदाहरण शेतकऱ्यांना विशेष उद्बोधक वाटेल. हा वृक्ष ५० मीटरपर्यंत वाढतो. त्याचे नारळाएवढे कठीण फळ पक्व होण्यास एक वर्षाहून अधिक काळ लागतो आणि पावसाळ्यात ते आपोआप गळून पडते. आत दहा ते पंचवीस बिया असतात. पेरूमध्ये हा वृक्ष तोडण्यास कायद्याने मनाई आहे.

परंतु सभोवारचे जंगल तोडून एकटे झाड राखले, तर त्याला फळे फारच थोडी धरतात. त्याच्या फुलावरील जाड झाकण उचलून आत शिरण्याची शक्ती मोठ्या जातीच्या मधमाश्यांनाच असते व त्या माश्यांना इतर वनस्पतींचाही आधार लागतो. पुढे फळाचे कवच फोडून बिया जमिनीत पुरून ठेवण्याचे काम अगूटी नावाचा सशाएवढा कुरतडणारा प्राणी करतो. त्याच्या विस्मरणात गेलेल्या बियांतून नवी रोपे उगवतात. तात्पर्य, मधमाशी, अगूटी आणि वृक्ष यांपैकी एकालाच राखता येत नाही. चाटण, सरोवर व मनोरा यांचीही हीच स्थिती आहे. भोवतालचे जंगल गेले, तर पाहण्यासारखे काही उरत नाही.

कराराचे स्वरूप

इन्फिएर्नोच्या करारातील कलमे स्पष्ट होती. नफ्यातील साठ टक्के वाटा गावाचा व चाळीस टक्के कंपनीचा. निर्णयाचा अधिकार मात्र दोघांना समान. कराराची मुदत वीस वर्षांची असून त्यानंतर मालकी गावाकडे यावी, असेही ठरले होते. गावकऱ्यांनी वाटाडे, नावाडी, आचारी व व्यवस्थापक म्हणून शिक्षण घेतले. आलेल्या पैशाचा विनियोग गावसभेने ठरवावयाचा. त्यातील काही रक्कम कुटुंबांत वाटली जाते, तर काही शाळेसारख्या सार्वजनिक कामांसाठी ठेवली जाते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. पैसा हाती आला म्हणजे जंगल आपोआप वाचते, असे नाही. त्याच पैशातून मजूर लावून अधिक जंगल तोडताही येते. राखीव भागात शिकार व तोड न करण्याचा नियम गावसभा जितका निष्ठेने पाळील, तितकेच हे उत्पन्न टिकाऊ ठरेल.

बाहेरील संकटे

याच प्रांतात नदीकाठची माती उपसून सोने काढले जाते. सोन्याचे कण एकत्र करण्यासाठी वापरलेला पारा नदीत उतरतो, माशांत साठतो आणि तेथून पाणमांजरांच्या व माणसांच्या शरीरात जातो. पाऱ्याच्या या प्रदूषणामुळे २०१६ मध्ये सरकारने माद्रे दे दिओसमधील अनेक भागांत आणीबाणी जाहीर केली होती. सोन्याची मजुरी रोख व तात्काळ मिळते. जंगलाचे उत्पन्न सावकाश येते. गावातील तरुणांपुढे हा पेच नित्य उभा असतो.

दुसरा धडा मार्च २०२० मध्ये मिळाला. साथीमुळे पेरूने आपल्या सीमा बंद केल्या आणि परदेशी पाहुणे येणे थांबले. अशा वेळी ज्याच्याकडे शेत, मासे व जंगलातील फळे आहेत, तोच तग धरू शकतो. अतिथिगृह हे शेतीला जोड म्हणून असावे. शेतीच्या जागी नव्हे.

आपल्याकडील शेतकऱ्यांसाठी

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. सह्याद्रीच्या उतारावर किंवा जंगलालगत ज्यांची शेती आहे, त्यांना पाहुण्यांना दाखविण्यासारखे पुष्कळ आहे. उंबर पिकला की हरियाल व धनेश तेथे येतात. उन्हाळ्यात पाणवठ्यावर पाखरांची गर्दी होते. अशा जागा हेरून ठेवाव्यात, जुनी झाडे तोडू नयेत, पाणवठ्यापासून काही अंतरावर साधे लपण बांधावे व गोंगाटास मज्जाव करावा. एखाद्या दिवशी पाहुण्यास काहीच दिसले नाही, तरी त्याच्या समाधानासाठी घरट्याजवळ जाऊ देऊ नये. आज रिकाम्या डोळ्यांनी परतलेला पाहुणा पुन्हा येऊ शकतो. घरटे सोडून गेलेला पक्षी येईलच, याची शाश्वती नसते.