कॉम्प्रेसरचा पहिला पाईप: स्वस्तात बदलला तर महागात का पडतो?

चेंबूरहून माहूलच्या रिफायनऱ्यांकडे निघालात की रस्त्याच्या कडेला टँकर उभे दिसतात. मध्येच एखाद्याखालून ‘फुस्स’ आवाज येतो. घाबरू नका, बहुतेक वेळा तो एअर ड्रायर असतो, साचलेलं पाणी बाहेर फेकतो. पण आवाज थांबेचना, किंवा इंजिन चालू करून बराच वेळ झाला तरी हवेचा काटा वर चढेना, तर मात्र ड्रायव्हर उतरून गाडीखाली डोकं घालतो. बऱ्याचदा निदान एकच निघतं: पाईप गेला.

माझं पीएचडीचं काम रबर आणि प्लास्टिकच्या नळ्या उष्णतेत कशा जुन्या होतात, यावर आहे. “पाईपवर कसली पीएचडी?” असं घरचेही विचारतात. त्याचं हे उत्तर.

ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनवर फिरणारा कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये साधारण 8 ते 10 बार दाबाने हवा भरतो, म्हणजे कारच्या टायरच्या जवळजवळ चौपट. मागच्या चाकांच्या ब्रेकमध्ये एक दणकट स्प्रिंग असते आणि ती मागे दाबून धरण्याचं काम हवा करते. हवा गेली की स्प्रिंग सुटते, चाकं जाम होतात. गाडी फ्रीवेवर मध्येच अडते ती अशी. घाटात भीती वेगळी असते. उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला आणि तेवढ्या वेगाने टाकी भरली नाही, तर गरज असते तेव्हाच दाब कमी पडतो.

आता पाईपकडे येऊ. सायकलचा पंप मारताना त्याचं टोक गरम होतं ना? तेच इथे होतं. 30 अंशांची हवा 8 बारपर्यंत दाबली आणि जराही उष्णता बाहेर गेली नाही, तर कागदावर तापमान 290 अंशांच्या आसपास येतं. प्रत्यक्षात कॉम्प्रेसरचं हेड पाण्याने थंड होतं, तरी जोरात काम चालू असताना हवा 150 अंशांच्या वर सहज जाते. म्हणून कॉम्प्रेसरमधून निघणारा पहिला पाईप धातूचा, नाहीतर स्टीलच्या जाळीचा टेफ्लॉन होज असतो. हवा थंड झाल्यावर पुढे नायलॉनच्या नळ्या चालतात.

गडबड होते ती इथेच. दुकानात साधा रबरी होज तयार मिळतो, ट्रिप खोळंबलेली असते, मालकाचे फोन चालू असतात. क्लॅम्प आवळला, काटा चढला, गाडी निघाली! पण एक ढोबळ नियम आहे: तापमान 10 अंशांनी वाढलं की जुनं होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. 80 अंशांना 4 वर्षं टिकणारी नळी 120 अंशांवर 16 पट लवकर, म्हणजे 3 महिन्यांत संपते. (प्रयोगशाळेत आम्ही हाच नियम उलटा वापरतो. नमुने ओव्हनमध्ये ठेवायचे आणि काही आठवड्यांत काही वर्षांचं म्हातारपण बघायचं.) त्यातून वाईट म्हणजे नळी बाहेरून ठणठणीत दिसते. आतला थर फुगतो, सुटतो आणि झडपेसारखा हवेची वाट अडवतो.

दुसरा शत्रू काजळी. कॉम्प्रेसर झिजला की हवेबरोबर तेल येतं आणि तापलेल्या पाईपात करपून चिकटतं. आतला व्यास निम्मा झाला तर तेवढीच हवा ढकलायला सुमारे 32 पट दाब खर्ची पडतो. मग कॉम्प्रेसर आणखी तापतो, आणखी तेल करपतं. म्हणून जुन्या पाईपात काळा थर दिसला तर नुसता पाईप बदलून भागत नाही. कॉम्प्रेसरच्या रिंगा, एअर फिल्टर आणि थंड पाण्याची लाईनही तपासायला हवी.

तिसरं, आपला पावसाळा. 30 अंशांच्या दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये 24 ग्रॅम वाफ असू शकते. ती हवा दाबून पुन्हा थंड झाली की त्यातलं सुमारे 20 ग्रॅम, म्हणजे चार चमचे, पाणी होतं. पाईप मध्येच खाली लोंबत असेल तर ते तिथेच साचतं. म्हणून कॉम्प्रेसरपासून ड्रायरपर्यंत पाईपला सलग उतार हवा.

पाईप बदलताना एवढं पाळा:

– चाकांना आधी ओट लावा, मग टाक्यांची हवा पूर्ण सोडा. दाब असताना नट सैल करू नका. ब्रेकचा स्प्रिंग चेंबर तर उघडूच नका.
– होजवर छापलेली तापमानाची मर्यादा वाचा. छापलेली नसेल तर तो पहिल्या जागी लावू नका.
– लांबी आणि व्यास मूळ पाईपाएवढाच ठेवा. लांबी कमी केली तर हवा गरमच ड्रायरमध्ये शिरते.
– जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. इंजिन बंद करून काटा पडतोय का, तेही पाहा.

आणि जुना पाईप लगेच भंगारात टाकू नका. रबरी असेल तर ब्लेडने उभा चिरा, धातूचा असेल तर टॉर्च मारून आत बघा. नवा पाईप किती दिवस टिकेल, याचा अंदाज बराचसा तिथेच मिळतो.