पाटीला वय नसते



उमरेडच्या बाजूच्या एका गावात तुरीच्या पिकावर शेतीशाळा चालू होती. शेंगा पोखरणाऱ्या अळीची माहिती सांगून झाली आणि नेहमीप्रमाणे मी घडीपत्रिका वाटल्या. पुढच्या आठवड्यात एका साठीच्या बाईंना विचारले, "मावशी, पत्रिका वाचली का?" त्या मोकळेपणाने म्हणाल्या, "कागद चांगला जाड होता जी साहेब. तांदळाच्या डब्यात तळाले घातला."

सगळे हसले, मीही हसलो. पण परतताना मोटारसायकलवर मनाला लागून राहिले. पंचवीस वर्षे मी घडीपत्रिका वाटतो आहे. घेणाऱ्याला वाचता येते की नाही, हे एकदाही विचारले नव्हते. चूक त्या बाईंची नव्हती, माझी होती.

त्यांना म्हटले, "मग शिकून घ्या ना." त्यावर उत्तर आले, "आता काय शिकाचं जी? गोवऱ्या मसणात गेल्या." हे वाक्य तुमच्याही घरात कोणीतरी बोलत असेल. आजचे चार शब्द त्याच वाक्याविषयी आहेत.

न वाचण्याची किंमत

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट, तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. कारणे अनेक होती. सगळा दोष निरक्षरतेवर टाकणे अन्यायाचे होईल. पण कोणत्या औषधाला किती पाणी, कोणते औषध कशात मिसळू नये आणि विषबाधा झाली तर पहिला उपाय काय, हे डब्यावर आणि आतल्या कागदावर छापलेले असते. ज्याला ते वाचता येत नाही, तो दुकानदाराच्या तोंडाकडे पाहतो.

डब्यावरचा त्रिकोण मात्र अक्षर न येणाऱ्यालाही वाचता येतो. लाल म्हणजे अतिशय जहाल विष, पिवळा त्याच्या खालचा, निळा मध्यम आणि हिरवा सर्वांत सौम्य. हिरवा असला तरी ते औषध विषच असते, हे विसरू नका. हा झाला पहिला धडा. आजच घरातल्या डब्यांवर पाहा.

आपल्याआधी कोण शिकले?

मोठ्या माणसांची शाळा ही काही आजची टूम नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात रात्रीची शाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठीच.

आपल्या नागपूरचेच उदाहरण घ्या. जाईबाई चौधरी १८९२ साली उमरेडला जन्मल्या. नवव्या वर्षी लग्न झाले. नागपूर ते कामठी डोक्यावर ओझी वाहून त्या पोट भरत. एका मिशनरी बाईंची नजर त्यांच्यावर पडली आणि ओझे वाहणाऱ्या जाईबाई मिशनच्या शाळेत मास्तरीण झाल्या. अस्पृश्य बाई मुलांना शिकवते म्हणून लोकांनी आरडाओरड केली, नोकरी गेली. पण त्या खचल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा यांच्या नावाने शाळा काढली.

अगदी अलीकडचे सांगायचे तर ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजी गुलाबी लुगडी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन दुपारी शाळेत येऊ लागल्या. आपल्याला पोथी वाचता यावी, एवढीच त्यांची हौस होती. नातवंडांनी घरी अभ्यास घेतला.

मोठे माणूस कसे शिकते?

लहान मुलाला आपण 'अ' पासून आरंभ करून देतो. उद्या काय उपयोग, हे ते विचारत नाही. मोठे माणूस पहिल्याच दिवशी विचारते, आणि विचारावेच. पेरणीआधी आपण वावर पाहतो, तसेच हे आहे.

ब्राझील देशात पाऊलो फ्रेरी नावाचे एक शिक्षक होते. १९६३ साली अंगिकोस या गावी त्यांच्या पद्धतीने सुमारे तीनशे कष्टकऱ्यांना चाळीस तासांच्या वर्गांत लिहाय-वाचायला शिकवले गेले. ती पद्धत बाराखडीपासून नव्हे, तर त्या लोकांच्या रोजच्या जगण्यातल्या शब्दांपासून सुरू होत असे. आपणही तसेच करावे. आधी स्वतःचे नाव, मग गावाचे, मग वावर, तूर, कापूस, बैल. 'कापूस' आला की क, प आणि स ही तीन अक्षरे हाती आली. त्यांतून 'पीक' होते, 'पाऊस' होतो.

तीन गोष्टी आधी सांभाळा.

पहिली गोष्ट चष्म्याची. चाळिशीनंतर जवळचे अंधूक दिसणे हा वयाचा धर्म आहे. अक्षर डोळ्याला दिसत नाही आणि माणूस म्हणते, डोक्यात शिरत नाही. औषधाच्या डब्यावरचे बारीक अक्षर मलाही चष्म्याशिवाय लागत नाही. म्हणून पाटी घेण्याआधी डोळे तपासून घ्या.

दुसरी गोष्ट वेळेची. डवरणी-निंदणाच्या दिवसांत दोन तास बसणे कोणालाच जमायचे नाही. रोज अर्धा तास पुरे, पण रोज. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा ते बरे.

तिसरी गोष्ट लाजेची. घरच्यांनी चुकल्यावर हसू नये. पोरासोरांनी तर नाहीच नाही. ज्या माणसाला नक्षत्र कळते, बियाण्याची पारख कळते, व्याजाचा हिशेब तोंडी येतो, ते माणूस अडाणी नव्हे. त्याला फक्त अक्षर यायचे आहे.

सही म्हणजे शिक्षण नव्हे

एक धोका मुद्दाम सांगतो. पुष्कळ जण सही गिरवून शिकतात आणि तिथेच थांबतात. अंगठा लावणाऱ्याला कागद वाचून दाखवावा लागतो, हे लोक जाणतात. सही करणाऱ्याने मात्र कागद वाचलाच असेल, असे धरून चालतात. सही येते पण वाचता येत नाही, अशी स्थिती अंगठ्यापेक्षा वाईट! तेव्हा सहीबरोबर वाचनही शिका.

वाचनाचा क्रम असा ठेवा: दुकानाची पावती, औषधाच्या डब्यावरची मुदत आणि प्रमाण, बँकेचे पासबुक, मग सातबारा. नमुना सातवर जमीन कोणाच्या नावे आहे ते असते, नमुना बारावर पीक असते. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करण्याची ई-पीक पाहणी आली. ती पोराच्या हातून करून घ्या, पण काय भरले ते स्वतः वाचा.

कोणत्या दारी जावे?

अक्षरओळखच नसेल त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०२२ ते २०२७ या काळासाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम आखला. 'उल्लास' या नावाने तो ओळखला जातो. पंधरा वर्षांवरील कोणालाही नाव नोंदवता येते. शिकवणारे स्वयंसेवक असतात, फी नसते. शेवटी वाचन, लेखन आणि अंकज्ञान अशा तीन भागांची दीडशे गुणांची चाचणी असते. महाराष्ट्रात अशी पहिली चाचणी १७ मार्च २०२४ रोजी झाली. गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना विचारा.

शाळा मध्येच सुटलेल्यांसाठी 'सतरा नंबरचा फॉर्म' आहे. तो भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीची परीक्षा देता येते. शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा, तो लागतो. मंडळ दरवर्षी अर्जाच्या तारखा जाहीर करते. जवळच्या हायस्कुलात चौकशी करावी.

त्यापुढे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली ते स्थापन झाले. नागपूरला त्याचे विभागीय केंद्र आहे. घरची शेती सांभाळून तिथे शेतीचेही अभ्यासक्रम करता येतात.

शिकलेले टिकवा

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि राज्यभर पसरली. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. पण पुढे जिथे वाचन राहिले नाही, तिथे आलेली अक्षरे पुसली गेली. ओलिताशिवाय कलम जगत नाही, तसेच हे आहे. तेव्हा शिकलेल्याच्या हाती रोज काहीतरी वाचायला द्या. हे साप्ताहिक घरी येते, त्यातली चार ओळींची बातमी आजीने मोठ्याने वाचावी आणि घराने ऐकावी.

आता त्या उमरेडकडच्या मावशींचे राहिले. त्यांची सून बारावी झालेली. ती म्हणाली, "मामी, तुम्ही मले भाकर थापाले शिकवलं, मी तुम्हाले अक्षर शिकवते." रात्रीच्या जेवणानंतर चुलीपाशी दोघी बसू लागल्या. चष्मा आला. पावसाळा गेला, हिवाळा गेला. जोडाक्षरे अजून अडतात, पण त्यांनी शाळेत जाऊन चाचणी दिली.

पुढच्या हंगामात मी गेलो तेव्हा त्यांनी मला औषधाची एक बाटली दाखवली आणि वरची तारीख बोटाने फिरवत वाचली. मुदत चार महिन्यांपूर्वी संपली होती. मुलाने न पाहता आणली होती. त्या मुलाला म्हणाल्या, "वापस करून ये. अन् पावती घेऊन ये, मी वाचतो."

तुमच्या घरात अशी कोणी मावशी, कोणी आजोबा असतील, तर येत्या बाजाराच्या दिवशी मीठ-मिरचीबरोबर एक पाटी आणि पेन्सिलीचा डबा आणा. त्यांचे नाव पाटीवर तुम्ही लिहून द्या. गिरवायचे काम त्यांचे.