कॅन्सर अंगात पसरल्यावर स्तनाचं ऑपरेशन का करत नाहीत?

घाटकोपर असो की बोरिवली, वस्तीतल्या घरावर हा प्रसंग येतो तेव्हा चित्र साधारण सारखंच असतं. बाईच्या छातीत गाठ, मग बायोप्सी, मग स्कॅन. डॉक्टर सांगतात, "आजार हाडात गेलाय. आता ऑपरेशन नको, औषधं सुरू करू." घरचे हादरतात. गाठ समोर दिसतेय तरी काढत नाहीत? आपण गरीब म्हणून टाळतात का? मग कोणी व्याजाने पैसे काढतं, कोणी दागिने गहाण ठेवतं आणि खाजगीत ऑपरेशन करायला धावतं.

माता-भगिनींनो, पैसे काढण्याआधी हे वाचा.

औषधं आधी का?

स्तनाचा कॅन्सर हाडं, फुप्फुसं, लिव्हर किंवा मेंदूत पोचला की त्याला चौथी स्टेज म्हणतात. ऑपरेशनने फक्त स्तनातली गाठ निघते, बाकीचा आजार तसाच राहतो. केमो, हार्मोनच्या गोळ्या, काहींना लागणारी खास इंजेक्शनं ही औषधं रक्तातून सगळीकडे पोचतात.

आपल्याच मुंबईत झालेली तपासणी

तरीही मूळ गाठ काढली तर आयुष्य वाढेल का, हा प्रश्न डॉक्टरांनाही होता. परळच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात अशा ३५० बायकांना अभ्यासात घेतलं. त्यातल्या बहुतेक जणींना आधी औषधं दिली होती आणि त्यांचा गुण आला होता. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. १७३ जणींसाठी ऑपरेशन आणि शेक ठरला, १७७ जणींसाठी नाही.

निकाल २०१५ साली छापून आला. दोन वर्षांनी ऑपरेशनच्या गटातल्या शंभरातल्या सुमारे ४२ जणी हयात होत्या, दुसऱ्या गटातल्या ४३. म्हणजे ऑपरेशनने आयुष्य वाढलं नाही. छातीतला आजार आटोक्यात राहिला, पण इतर अवयवांतला आजार ऑपरेशनच्या गटात उलट लवकर वाढला.

पुढे अमेरिकेत २५६ बायकांवर असाच अभ्यास झाला. तीन वर्षांनी दोन्ही गटांत शंभरातल्या साधारण ६८ जणी हयात होत्या. तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात फायदा दिसला, पण तिथे ऑपरेशनच्या गटात मुळातच सौम्य आजाराच्या बायका जास्त होत्या.

म्हणजे "ऑपरेशन नको" हा सल्ला गरीब-श्रीमंत बघून दिलेला नसतो.

मग ऑपरेशन कधी?

गाठ फुटून जखम झाली, रक्त किंवा वास येऊ लागला, तर त्रास कमी करण्यासाठी ऑपरेशन करतात. टाटाच्या अभ्यासातही दुसऱ्या गटातल्या १८ जणींना अशा कारणाने ते करावं लागलं. हाड दुखत असेल तर शेक देतात. हाड मोडलं किंवा मोडायच्या बेतात असेल तर त्याचंही ऑपरेशन करतात. कुणाचा आजार अगदी एक-दोन जागीच असेल, तर डॉक्टर वेगळा विचार करू शकतात.

एक गल्लत करू नका

आजार स्तनात किंवा काखेतल्या गाठींपर्यंतच असेल, तर ती चौथी स्टेज नव्हे. तिथे ऑपरेशन हा बरं होण्याच्या उपचाराचा मुख्य भाग आहे. "ऑपरेशन केलं की कॅन्सर पसरतो" असं म्हणून ते टाळणं म्हणजे जीव धोक्यात घालणं.

डॉक्टरांना हे विचारा

• आजार कुठे कुठे आहे?
• बायोप्सीत हार्मोन आणि हर-टू तपासलं का?
• ऑपरेशन सुचवताय ते आयुष्य वाढवण्यासाठी की त्रास कमी करण्यासाठी?
• महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का? (रेशनकार्ड, आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा.)

शंका वाटली तर सगळे रिपोर्ट घेऊन दुसऱ्या कॅन्सर डॉक्टरांचं मत घ्या. पण तोवर चालू औषध बंद करू नका.

आणि ही वेळच येऊ नये म्हणून एक गोष्ट. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास झाला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासले, तर कॅन्सर लवकरच्या स्टेजला सापडतो, हे त्यात दिसलं. गाठ दुखत नाही म्हणून लपवू नका. लाज सोडा, नेऊन दाखवा. सासूबाई असोत की सून, सोबत जा.